फळाआधी काटा पाहा : जुन्नर ते नाणेघाट, मार्गशीर्षाच्या तोंडावर

कार्तिकी एकादशी उलटली की सह्याद्रीतलं गवत पिवळं पडायला लागतं, आणि रानमेवा शोधायला निघालेल्यांची पहिली निराशा करवंदाच्या जाळीपाशी होते. जाळी हिरवीगार, फळ एकही नाही. करवंदं वैशाखातली, तोरणं चैत्रातली. दिवाळीनंतरच्या रानावर राज्य असतं ते बोरांच्या कुळाचं. त्याच सुमाराला विषारी आणि निरुपयोगी फळंही रंगात येतात. फळाचा रंग आठवड्यात बदलतो, काटा मात्र बाराही महिने तसाच राहतो. म्हणून या दिवसांत झुडूप ओळखायचं ते काट्यावरून, फळ नंतर बघायचं. जुन्नर ते नाणेघाट ही वाट त्यासाठी फार सोयीची आहे. पूर्वेचं कोरडं माळरान, मग पावसाचा घाटमाथा, मग खाली कोकणाकडचा उतार, असं तिन्ही प्रकारचं रान तीन दिवसांत पायाखालून जातं.

सामान थोडं लागतं, पण नेमकं लागतं. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, लहान कात्री, मिलिमीटरची खूण असलेली पट्टी, जुनी वर्तमानपत्रं आणि कागदी पिशव्या. प्लास्टिकच्या पिशवीत बोरं घामेजतात आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारायला लागतात. कपडे गुळगुळीत, घट्ट विणीचे हवेत. नोव्हेंबरात कुसळी गवत पिकलेलं असतं आणि लोकरी मोजे घातले तर कुसळं काढण्यातच निम्मा वेळ जातो.

पहिला दिवस : शिवनेरीचा पायथा, पाडळी, तुळजा लेणी

जुन्नर गावातून पश्चिमेकडे निघालं की शिवनेरीच्या अंगाखालचे मुरमाड उतार आणि शेतांचे बांध सुरू होतात. सकाळी ऊन चढायच्या आत निघावं. या तालुक्यात उसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. बांधावरची बोरं बघायची ती उजेडात, आणि उसाच्या कडेला खाली वाकून फळं वेचत बसायचं नाही.

पहिली गाठ बोरीशीच पडते. फांदीवर पानाच्या देठापाशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक काटा सरळ आणि लांब, दुसरा आखूड आणि मागे वळलेला. ही जोडी म्हणजे पानाच्या देठाजवळची उपपर्णंच, काटा झालेली. जून फांद्यांवर काटे कधी झडलेले असतात, तेव्हा पान उलटं करावं. वरची बाजू गडद, खालची पांढुरक्या लवेची, आणि देठापासूनच निघालेल्या तीन ठळक शिरा. एवढं जुळलं की शंका उरत नाही.

फळ कधी तोडायचं यात बरेच जण घाई करतात. रानबोर दीड-दोन सेंटिमीटरच्या वर क्वचितच जातं. हिरवं असताना तुरट, पिवळसर झालं की आंबट-गोड, आणि खरी चव येते ती साल तांबूस होऊन सुरकुतायला लागली की. बाजारात हल्ली अ‍ॅपल बोर म्हणून मिळतं ते आकाराने मोठं आणि रसरशीत असतं, पण या सुरकुतलेल्या रानबोराच्या वासाच्या जवळपासही ते येत नाही.

तोडण्याआधी प्रत्येक फळ फिरवून बघावं. सालीवर बारीक खड्डा आणि त्याभोवती फळ किंचित चेपलेलं दिसलं तर आत अळी आहे असं धरून चालावं. बोराची फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. अळी आठळीभोवतीचा गर खाते, त्या जागी तपकिरी भुसा साचतो, आणि फळ अवेळी गळतं. अळी पुढे मातीत जाऊन कोष करते. म्हणून बोरीखालची गळलेली फळं तिथेच कुजू दिली तर पुढच्या हंगामात त्याच झाडाला किडीचा जोर जास्त असतो. शेताच्या बांधावरची बोर असेल तर गळ गोळा करून खोल पुरावी आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरून उन्हात तापू द्यावी. फळांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. अशी फळं तडकतात आणि वाढ खुंटते.

एक निरोगी बोर चाकूने गर उतरवून आठळीपर्यंत सोलावं आणि ती आठळी दगडावर बेताने फोडावी. आत साधारणपणे दोन कप्पे दिसतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तिसऱ्या दिवशी त्याचा उपयोग होणार आहे. बी लावायचं असेल तर आठळ्या आधी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. तरंगणाऱ्या पोचट, बुडालेल्या घ्याव्यात, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन लावाव्यात. अख्ख्या आठळीला उगवायला तीन-चार आठवडे लागतात, फोडून काढलेलं बी आठवड्याभरात कोंब काढतं. उमराण, मेहरूण या कलमी बोरांचे डोळे याच गावठी बोरीच्या खुंटावर भरले जातात. बागेतलं कलम मेलं आणि खालून खुंट फुटला की काही वर्षांत तिथे पुन्हा रानबोरच उभी राहते. जुन्या बागांच्या कडेला दिसणाऱ्या कितीतरी बोरी अशाच आलेल्या आहेत.

बोरकूट करायचं असेल तर सुरकुतलेली, बिनभोकाची बोरं धुऊन कपड्यावर एका थरात चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावीत. रात्री आत घ्यावीत. दंव पडलं की बुरशी धरते. खलबत्त्यात हलक्या हाताने कुटावीत. जोर लावला की आठळी फुटते आणि तिचे तुकडे दाताखाली येतात. चाळून घेतलेल्या पुडीत चवीपुरतं मीठ किंवा किसलेला गूळ. मकरसंक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीत आणि सुगडाच्या वाणात जी बोरं लागतात ती मात्र ताजी, याच झाडांवरची, जानेवारीतली.

लेण्यांकडच्या कातळी उतारावर दुसरं झुडूप येतं, पांढरफळी. इथे पानाशी काटा शोधत बसू नये, कारण फांदीचं टोकच कडक होऊन काटा झालेलं असतं. पानं लहान, गोलसर, आणि फांदीला लगटून चार-पाच मिलिमीटरची शुभ्र फळं. काही झुडपं फळांनी लदलेली आणि शेजारचीच पूर्ण रिकामी दिसतात. रिकामं झुडूप रोगट नसतं. पांढरफळीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि नराला फळ धरत नाही. फळ मऊ, बेताचं गोड, मागून किंचित कडू. गुराखी मुलं येता-जाता खातात. पिशवीत भरून घरी नेण्यासारखं ते नाही, हात लागताच फुटतं.

शेताच्या कडेला कामोणीची काळी फळंही या दिवसांत दिसतात. ते झुडूप नाही, गुडघाभर उंचीचं मऊ झाड आहे आणि त्याला काटा नसतो. पूर्ण काळी झालेली फळं लोक खातात, हिरवी कधीही तोंडात घालू नयेत. तिच्याच कुळातली भुईरिंगणी जमिनीसरशी पसरते, पानांवरसुद्धा पिवळसर सरळ काटे असतात आणि फळ आधी हिरवट पट्ट्यांचं, मग पिवळं होतं. ते खायचं फळ नव्हे.

मुक्कामाला चावंडवाडी बरी. आधी सांगून ठेवलं तर गावात जेवणाची सोय होते.

दुसरा दिवस : चावंड, पूर, घाटघर

सकाळी पूरच्या कुकडेश्वर मंदिरावरून पुढे निघावं. कुकडी नदीचा उगम याच भागातला. इथून पश्चिमेला प्रत्येक वळणाला हवा ओलसर होत जाते आणि बोरी विरळ होत जातात. घाटघर गाठेपर्यंत रान बदललेलं असतं. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याला करवंदाच्या जाळ्या आणि अंजनीची दाट पानं आहेत. अंजनीचे निळे झुबके उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, आता बघायला मिळत नाहीत.

या दिवसाचं मुख्य काम काट्यांचे प्रकार हाताने तपासून बघणं. बोरीचा काटा म्हणजे उपपर्ण, हे काल पाहिलं. दुसरा प्रकार म्हणजे फांदीचाच झालेला काटा. करवंदाचे काटे जोडीने समोरासमोर, सरळ, दणकट, काही टोकाशी दुभंगलेले. पान तोडलं की पांढरा चीक येतो. हेंकळीच्या काट्यावर कधीकधी पानं किंवा फुलांचे गुच्छ लागलेले दिसतात, कारण तो काटा मुळात फांदीच आहे. असा काटा बोटाने आडवा ढकलला तर मोडत नाही. ओढून काढलाच तर सोबत लाकडाची चीर निघते. तिसरा प्रकार घाणेरीचा. तो नुसता सालीवर उगवलेला असतो, आडवा ढकलताच सालीसकट निखळतो आणि खाली लाकडाला जखमही दिसत नाही. हे दोन धक्के देऊन बघितले की अर्धी ओळख तिथेच पटते. हातमोजा घालू नये, त्याने बोटाला काही कळत नाही.

पठारावर पिवळं, गोल, बारक्या पेरूसारखं फळ दिसतं आणि नवखा माणूस हमखास तिथे थांबतो. हे गेळ्याचं फळ. दोन ते चार सेंटिमीटरचं, कडक सालीचं, आणि डोक्यावर फुलाच्या निदलाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचा, मुकुट तसाच राहिलेला. काटे सरळ, लांब, फांदीला समोरासमोर. आयुर्वेदात हेच मदनफळ, वमनासाठी वापरलं जाणारं. चाखून बघितलं तर उलट्या होतात, तेव्हा ‘थोडंसं खाऊन बघू’ हा विचारही करू नये. ठेचलेलं गेळ्याचं फळ डोहात टाकून मासे बधिर करायची जुनी रीत आहे. यावरून त्याची ताकद समजावी.

आता आंबगूळ. काही भागांत हिला आंबुळकी म्हणतात. ही मोठ्या झाडांवर चढणारी, लोंबणारी झुडुपवेल. फळं माघ-फाल्गुनातली, त्यामुळे नोव्हेंबरात बहुतेक लोक तिला ओलांडून जातात. पण तिच्यापाशी दहा मिनिटं बसावं इतकी ती देखणी आहे. पान वरून हिरवं, साधं. उलटं केलं की चांदीचा पत्रा. भिंग लावून पाहिलं तर ती लव नाही, हे लक्षात येतं. असंख्य चकत्या पानाला चिकटलेल्या असतात, प्रत्येक चकतीची कड किरणांसारखी कातरलेली, बहुतेक रुपेरी, अधूनमधून एखादी तांबूस. अंगठ्याने घासलं की चकत्या बोटावर चकाकत उतरतात आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो. या चकत्या कोवळ्या फांदीवर, फुलाच्या बाहेरून आणि फळाच्या सालीवरही असतात. म्हणून आंबगुळाचं पिकलेलं तांबडं-केशरी फळसुद्धा चांदीची पूड शिंपडल्यासारखं दिसतं. या दिवसांत पानांच्या बगलेत बारीक फिकट फुलं येऊ लागतात. त्यांचा वास फुलं दिसण्याआधीच येतो. जागा टिपून ठेवावी आणि संक्रांतीनंतर परत यावं. फळ लांबट, आंबट, आत आठ कंगोऱ्यांची लांब आठळी. या आठ कंगोऱ्यांवरून पक्ष्यांनी टाकलेल्या आठळ्याही ओळखता येतात.

तोरणही या काळात फुलोऱ्याच्या बेतात असते. काटे बहुधा एकेकटे, बुडाशी रुंद, मागे वाकलेले. पानं बोरीपेक्षा बरीच मोठी. फुलांच्या लांब फांद्या कापू नयेत. चैत्रात पांढरी फळं लागतात ती याच फांद्यांना, आणि गावातली मुलं, बायका ती विकून चार पैसे मिळवतात. वनहद्दीत वेचणीचे नियम असतात. गावकऱ्यांचा हक्क वेगळा आणि फिरायला आलेल्या माणसाची हौस वेगळी. ओळख पटवायला एक पान आणि एखादं गळलेलं फळ पुरतं.

वाटेवर मातीत किंवा दगडावर लेंड्यांमध्ये अख्ख्या आठळ्यांचे ढीग दिसतील. दगडावर, वाटेच्या मधोमध, बोराच्या आठळ्यांनी भरलेली विष्ठा बहुधा कोल्ह्याची किंवा उदमांजराची. काडीने उसकटून कोणकोणत्या आठळ्या आहेत ते बघितलं की आसपास काय पिकलं आहे याची खबर मिळते, रान न तुडवता. हात लावू नये.

रात्री घाटघरला थंडी चांगली पडते.

तिसरा दिवस : नाणेघाट ते वैशाखरे

नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा व्यापार याच खिंडीतून उतरायचा. लेण्यासाठी वेळ राखून ठेवावा. दुपारी उतरताना समोरून ऊन येतं आणि झुडपांचे बारकावे दिसत नाहीत, म्हणून सकाळी नऊपर्यंत उतरायला लागावं. वाट दगडी पायऱ्यांची, सुटे धोंडे भरपूर. झुडुपं बघायची तर थांबून बघावीत, चालता-चालता नव्हे.

उताराच्या मधल्या टप्प्यात येरोणी भेटते, आणि बहुतेक वेळा आधी तीच आपल्याला पकडते. बुरगी हे तिचं दुसरं नाव. दुसऱ्या झाडांवर रेलत जाणारं हे झुडूप. काटा बहुधा एकच, आखूड, मांजराच्या नखासारखा मागे वळलेला. शर्ट अडकला की माणूस पुढे ओढतो, आणि काटा आणखी रुततो. अडकलं की आधी अर्धं पाऊल मागे, झुडपाकडे जावं, कापड सैल करावं, मग फांदी ती जिकडून आली त्या दिशेला उचलून सोडवावी. पान बोरीपेक्षा लांबट, टोकदार, आणि देठाशी दोन्ही बाजू असमान. फळ पाच ते आठ मिलिमीटरचं, चकचकीत काळं, गर जेमतेम, आंबटगोड. मूठभर फळांतून चमचाभर गर मिळाला तरी खूप. पण चव अशी की मुलं बोरं सोडून येरोण्या आधी वेचतात. तांबूस असताना घशाला आवळतात, पूर्ण काळ्या होऊ द्याव्यात.

थोडं खाली घोटबोर. पानं आणि काटे बघून ही बोरच आहे असं वाटतं. फळही दिसायला तसंच, गोल, दोन-अडीच सेंटिमीटरचं. पण दाबून बघितलं तर लाकूड. गर कोरडा, पातळ, तुरट, आणि आठळी दगडाने फोडायलाही जड जाते. फुटली की आत तीन कप्पे निघतात. बोरीत दोन, घोटबोरीत तीन; पहिल्या दिवशी फोडलेली आठळी इथे कामाला येते. या फळांपासून पूर्वी चामडं काळं करायचा रंग करत.

मालकांगोणीच्या वेली झाडांवरून लोंबतात. पिवळी फळं उकलून तीन पाकळ्या होतात आणि आत शेंदरी आवरणातल्या बिया दिसतात. लांबून बघणाऱ्याला ती रसाळ फळं वाटतात, तसं काही नाही. बियांचं तेल औषधी, बिया चघळायच्या नाहीत. गुंजेच्या शेंगाही याच टप्प्यात उकलतात. लालभडक दाण्यावर काळा ठिपका. सोनारांच्या जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे गुंज साधारण 0.12 ग्रॅम. तिचं बी फोडून किंवा चावून पोटात गेलं तर जीवघेणं ठरतं. लहान मुलं बरोबर असतील तर मण्यांसारखे हे दाणे त्यांच्या खिशात राहू देऊ नयेत.

पायथ्याशी, वैशाखऱ्याच्या दिशेने वाट सपाट व्हायला लागली की घाणेरी दुतर्फा भिंतीसारखी उभी राहते. काहीजण तिला टणटणी म्हणतात. चौकोनी खोड, सालीवरचे बारीक वाकडे काटे, चुरगळलं की उग्र वास. फळं घोसांत, हिरवी ते निळी-काळी. बुलबुल आणि चष्मेवाले ती खातात आणि बी रानभर नेतात, त्यामुळेच ही परदेशातून आलेली वनस्पती इतकी फोफावली. पक्षी खातात म्हणून माणसाने खायचं हा हिशेब इथे चुकतो. हिरवी फळं विषारी आहेत. जनावराने पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, मग उन्हात कातडी लाल होऊन सोलते. वैरण टंचाईच्या दिवसांत हे जास्त घडतं.

घाणेरी वरून कापून काहीही साधत नाही. बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. जाळली तरी तेच होतं. उपाय मुळाच्या मानेवर करावा लागतो. फुटवे येतात ते जमिनीलगतच्या गाठीतून, खालच्या मुळातून सहसा नाही. म्हणून बुंध्याभोवतीची माती कुदळीने उकरावी, मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडावं, आणि झुडूप उलटं, मुळं वर करून, इतर फांद्यांच्या ढिगावर ठेवावं. गाठ मातीला टेकली तर पुन्हा रुजते. हे काम फळं पिकण्याआधी, पाऊस थांबून माती अजून मऊ असताना करावं. फळं काळी झाली असतील तर घोस आधी कापून पोत्यात भरावेत, नाहीतर उपटताना बी सगळीकडे सांडतं. पुढचे दोन पावसाळे त्या जागेवर परत जाऊन रोपं हाताने उपटावी लागतात. मोकळ्या जागेत गवताबरोबर करवंद, येरोणी, बोर यांची पक्ष्यांनी टाकलेली रोपं येतात. ती घाणेरीच्या रोपांसोबत चुकून उपटली जातात. तेव्हा पुन्हा काटाच बघावा : सालीवरून निखळणारा असेल तर उपटायचं, नाहीतर राहू द्यायचं. अगदी कोवळ्या रोपाला काटा नसेल तर पान चुरगळून वास घ्यावा.